बोटं आखूड म्हणून गिटार येत नाही?

कोल्हापूरच्या राजारामपुरीत गिटार बघायला गेलेल्या पोराला कुणीतरी हमखास सांगतं, "तुझी बोटं आखूड हायत, कॉर्ड जमायच्या न्हाईत." कॉर्ड म्हणजे बोटांनी तारा दाबून एकत्र वाजवलेले सूर. पण त्या जमणार नाहीत हे साफ चूक आहे. १९२८ च्या आगीत जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टच्या डाव्या हाताची दोन बोटं जायबंदी झाली. तरी उरलेल्या दोन बोटांवर तो अफाट सोलो वाजवायचा.

खरं अडतं कॉर्ड बदलताना, कारण आपण सगळी बोटं उचलतो. सी कॉर्डवरून ए मायनर कॉर्डला जाताना तर्जनी आणि मधलं बोट जागचं हलवायचंच नाही. फक्त अनामिका पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरून (फ्रेट म्हणजे गिटारच्या दांडीवरच्या आडव्या पट्ट्यांनी पडलेलं घर) तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर आणायची. सावकाश, पण ठेका न सोडता. तरीही बोटं दुखतच असतील तर तारा दांडीपासून किती उंच आहेत ते तपासून घ्या. स्वस्त गिटारवर ही उंची बऱ्याचदा जास्त असते.