जगाला सुरुवात होती का? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

विश्वाच्या उत्पत्तीवर वाद रंगला की दोन पक्ष लगेच आखून दिले जातात. धर्म म्हणतो कुणीतरी निर्माण केलं, विज्ञान म्हणतं आपोआप झालं. ही आखणी फार जुनी नाही. जॉन ड्रेपरने १८७४ मध्ये आणि अँड्र्यू व्हाइटने १८९६ मध्ये धर्म आणि विज्ञान यांच्या संघर्षाचे इतिहास लिहिले, तेव्हापासून ती लोकांच्या मनात पक्की बसली. त्याआधीची दीड-दोन हजार वर्षं भांडण वेगळ्याच मुद्द्यावर होतं: जगाला मुळात सुरुवात होती का? आणि या प्रश्नावर आस्तिक एकीकडे, नास्तिक दुसरीकडे अशी सरळ फाळणी कधीच झाली नाही.

मीमांसकांचंच पाहा. वेदांचं प्रामाण्य मानण्यात त्यांच्याइतका कडवा संप्रदाय दुसरा नाही, पण जगाचा कर्ता कुणी ईश्वर आहे हे त्यांना मान्य नव्हतं. ‘न कदाचिदनीदृशं जगत्’, जग असं नव्हतं अशी वेळच कधी नव्हती, ही त्यांची भूमिका. सातव्या शतकात कुमारिल भट्टाने श्लोकवार्तिकात निर्मात्याच्या कल्पनेची उलटतपासणीच घेतली. सृष्टीपूर्वी त्याला शरीर नव्हतं तर निर्मितीची इच्छा कुठून आली? होतं, तर ते कुणी घडवलं? आणि हा सगळा खटाटोप कशासाठी? ‘प्रयोजनमनुद्दिश्य न मन्दोऽपि प्रवर्तते’, हेतू असल्याशिवाय मंदबुद्धीचा माणूसही हालचाल करत नाही. यामागे कारण होतं. वेद अपौरुषेय आणि नित्य ठरवायचे, तर त्यांच्या आधी कुणी कर्ता असून चालणार नाही. म्हणजे धर्माच्या रक्षणासाठीच ईश्वराला रजा दिली गेली!

समोर नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे अनुयायी होते. जग हे कार्य आहे आणि कार्याला कर्ता लागतोच, हा त्यांचा युक्तिवाद. उदयनाचार्यांच्या न्यायकुसुमांजलीत तो पूर्ण ताकदीने येतो. प्रयोजनाच्या आक्षेपाला ब्रह्मसूत्रांनी ‘लोकवत्तु लीलाकैवल्यम्’ असं उत्तर देऊन ठेवलं होतं: ही केवळ लीला आहे, हेतू शोधू नका. नवव्या शतकातल्या जैन आचार्य जिनसेनांनी महापुराणात निर्मात्यावर विश्वास ठेवणाऱ्यांना सरळ मूढ म्हटलं. या सगळ्याच्या कितीतरी आधी ऋग्वेदातल्या नासदीय सूक्ताचा (१०.१२९) ऋषी ‘यो अस्याध्यक्षः परमे व्योमन्त्सो अङ्ग वेद यदि वा न वेद’ असं म्हणून गेला. या सृष्टीवर वरून नजर ठेवणारा जो आहे, त्याला तरी ठाऊक असेल, किंवा त्यालाही नसेल. या सूक्तातून आधुनिक भौतिकशास्त्र काढून दाखवणाऱ्यांनी ही ओळ तरी नीट वाचावी.

भूमध्य समुद्राच्या परिसरात वादाचा केंद्रबिंदू होता अ‍ॅरिस्टॉटल. त्याच्या मते विश्व अनादी आणि अनंत. एकदाच निर्मिती झाली असं मानणाऱ्या धर्मांना ही मोठीच अडचण होती. अलेक्झांड्रियातल्या जॉन फिलोपोनस या ख्रिस्ती विचारवंताने इसवी सन ५२९ मध्ये अनादी विश्वाविरुद्ध ग्रंथ लिहिला. त्याचे तर्क आजही ताजे वाटतात. भूतकाळ अनंत असेल तर अनंत दिवस उलटून आपण आजच्या दिवसापर्यंत पोहोचलो कसे? शनी सुमारे तीस वर्षांत एक फेरी घेतो, सूर्य एका वर्षात. दोघांच्याही फेऱ्या अनंत झाल्या असतील, तर एक अनंत दुसऱ्याच्या तीसपट कसं? अनंतांची तुलना कशी करायची, हे गणिताला एकोणिसाव्या शतकात कँटरने शिकवलं. तोवर या कोड्याला पक्कं उत्तर नव्हतं.

हेच तर्क अरबी भाषेत अल-गझाली या मुस्लिम धर्मपंडिताने अधिक धारदार केले. १०९५ च्या सुमारास त्याने तत्त्वज्ञांचे वीस सिद्धान्त तपासायला घेतले आणि त्यांतले तीन थेट कुफ्र, म्हणजे धर्माला नाकारणारे, ठरवले. विश्व अनादी आहे हा त्यांतला पहिला. सुमारे ८५ वर्षांनी कॉर्डोबाच्या इब्न रुश्दने त्याचा मुद्देसूद प्रतिवाद लिहिला. इब्न रुश्द काझी होता, धर्मशास्त्राचा जाणकार होता, आणि अनादी विश्वाच्या बाजूने उभा होता.

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो ख्रिस्ती धर्मपंडित थॉमस अक्वायनस. १२७० च्या आसपास त्याने एक छोटी पुस्तिका लिहिली. जगाला सुरुवात होती हे तो श्रद्धेने मानत होता. मात्र तर्काने ते सिद्ध करता येत नाही, असं त्याने निक्षून सांगितलं. पुढे त्याने जो भेद केला, तो आजही निम्म्या वादात हरवलेला असतो. ‘जग केव्हा सुरू झालं’ हा एक प्रश्न. ‘जग मुळात का आहे, कशाच्या आधारावर आहे’ हा दुसरा. एखादा पाय अनादी काळापासून धुळीत उभा असला, तरी त्याखालचा ठसा पायामुळेच असतो. हा दाखला त्याने ऑगस्टिनकडून घेतला होता. म्हणजे विश्व अनादी निघालं म्हणून ईश्वर खोटा ठरत नाही. आणि उलट बाजूने पाहिलं तर विश्वाला सुरुवात सापडली म्हणून तो खराही ठरत नाही. हे त्याच्या काळात सर्वांना रुचलं असं नाही. त्याचाच समकालीन धर्मपंडित बोनाव्हेंचर विरोधात होता, आणि १२७७ मध्ये पॅरिसच्या बिशपने २१९ विधानांवर बंदी घातली, त्यांत विश्वाच्या अनादित्वाची विधानंही होती.

मधली शतकं भराभर ओलांडता येतात. १६५० मध्ये आर्चबिशप अशर यांनी बायबलातल्या पिढ्या मोजून निर्मिती इसवी सनापूर्वी ४००४ च्या ऑक्टोबरात झाल्याचं सांगितलं. त्यावर हसणं सोपं आहे, पण त्या काळच्या मापाने ते मेहनती पांडित्य होतं. १७८१ मध्ये कांटने दाखवलं की जगाला सुरुवात आहे आणि सुरुवात नाही, या दोन्ही विधानांची सिद्धता सारख्याच जोमाने देता येते, म्हणून शुद्ध तर्काने या वाटेला जाऊच नये. पुढे भूशास्त्राने पृथ्वीचं वय वाढवत नेलं. विश्वाबद्दल मात्र निरीक्षणांच्या आधारे बोलण्यासारखं कुणाकडेच काही नव्हतं.

ते आलं विसाव्या शतकात. १९१७ मध्ये आइन्स्टाइनने आपल्या सिद्धान्तातून विश्वाचं गणित मांडलं, आणि विश्व स्थिर राहावं म्हणून समीकरणात एक स्थिरांक घातला. १९२२ मध्ये रशियाच्या फ्रीडमनने गणिताने प्रसरणशील विश्वाची शक्यता दाखवली. १९२७ मध्ये बेल्जियमच्या जॉर्ज लमेत्रने तीच गोष्ट दीर्घिकांच्या वेगांशी जोडली. लमेत्र कॅथलिक धर्मगुरू होता, १९२३ मध्ये त्याने दीक्षा घेतली होती. आइन्स्टाइनने त्याला सांगितलं की तुझं गणित बरोबर आहे, पण भौतिकशास्त्र भयंकर आहे. १९२९ मध्ये अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ हबलची, दीर्घिका दूर जात असल्याची निरीक्षणं आली आणि स्थिर विश्वाची बाजू लंगडी पडली.

लमेत्र तिथे थांबला नाही. मे १९३१ मध्ये ‘नेचर’मध्ये त्याचं एक छोटं पत्र छापून आलं: सारं विश्व एका आदिम कणातून फुटून निघालं असावं. या पत्राच्या मसुद्यात शेवटी ईश्वराविषयी एक परिच्छेद होता. ईश्वर स्वभावतःच अदृश्य असतो, आणि भौतिकशास्त्र निर्मितीवर पडदा ओढतं याचा श्रद्धावंताला आनंदच वाटेल, अशा आशयाचा. छापायला देण्याआधी त्याने तो खोडून टाकला. पदवी धर्मगुरूची असूनही त्याने आपला देव आपल्या सिद्धान्तात येऊ दिला नाही.

लमेत्रचे गुरू आर्थर एडिंग्टन क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे, मनापासून श्रद्धाळू. विश्वाला अचानक सुरुवात झाली ही कल्पना त्यांना अतिशय अप्रिय होती, आणि त्यांनी तसं लिहूनही ठेवलं. दुसऱ्या टोकाला सोव्हिएत संघ. १९४७ मध्ये तिथला कम्युनिस्ट पक्षनेता झ्दानोव याने आरंभाच्या सिद्धान्तांवर शून्यातून सृष्टीची परीकथा पुन्हा आणल्याचा आरोप केला. ब्रिटनमध्ये फ्रेड हॉयल, हर्मन बाँडी आणि थॉमस गोल्ड यांनी १९४८ मध्ये स्थिर स्थितीचा सिद्धान्त मांडला: विश्व प्रसरण पावतं, पण नवं द्रव्य सतत निर्माण होत राहिल्याने त्याचं रूप तेच राहतं, म्हणून सुरुवात मानायची गरज नाही. प्रतिस्पर्धी कल्पनेला ‘बिग बँग’, म्हणजे महास्फोट, हे नाव हॉयलनेच १९४९ मध्ये बीबीसीवर बोलताना दिलं. तो उघड नास्तिक होता. पण त्याचे आक्षेप नास्तिकतेतूनच आले असं म्हणणं अन्यायाचं होईल. तेव्हाच्या हबलच्या मापनातून विश्वाचं वय जेमतेम दोन अब्ज वर्षं येत होतं, म्हणजे पृथ्वीपेक्षाही विश्व लहान!

२२ नोव्हेंबर १९५१ रोजी पोप पायस बारावे यांनी पोंटिफिकल विज्ञान अकादमीसमोर भाषण केलं. आधुनिक विज्ञान त्या आदिम ‘प्रकाश होवो’ची साक्ष देत आहे, असा त्याचा रोख होता. महास्फोटाचा पुरस्कर्ता भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज गॅमोने मिश्कीलपणे १९५२ च्या आपल्या शोधनिबंधात पोपचाच दाखला दिला. लमेत्र मात्र अस्वस्थ झाला. सिद्धान्त कच्चा आहे, वय जुळत नाही, उद्या तो पडला तर? आणि टिकला, तरी त्यातून निर्मितीचा पुरावा निघतोच कुठे? व्हॅटिकन वेधशाळेच्या संचालकांमार्फत त्याने आपलं म्हणणं पोचवलं. सप्टेंबर १९५२ मध्ये पोप खगोलशास्त्रज्ञांपुढे बोलले, तेव्हा तो दावा पुन्हा आला नाही. १९५८ च्या सॉल्व्हे या भौतिकशास्त्रज्ञांच्या परिषदेत लमेत्रने जाहीरच केलं: हा सिद्धान्त धर्माच्या प्रश्नांपासून पूर्ण बाहेर आहे, आणि जडवाद्याला ईश्वर नाकारण्याची मुभा त्यात तशीच राहते. अक्वायनसचाच भेद होता हा.

१९६५ मध्ये पेन्झियस आणि विल्सन यांना सापडलेल्या वैश्विक पार्श्वप्रारणाची (विश्वाच्या आरंभीच्या उष्ण अवस्थेतून उरलेल्या लहरींची) बातमी जाहीर झाली आणि बहुतेक शास्त्रज्ञांनी महास्फोट स्वीकारला. जून १९६६ मध्ये लमेत्र वारला. त्याआधी ही बातमी त्याच्या कानावर पोचली होती. हॉयलने अखेरपर्यंत हार मानली नाही. जयंत नारळीकरांनी त्याच्याबरोबर आणि जेफ्री बर्बिजबरोबर १९९३ मध्ये अर्धस्थिर स्थितीची सुधारित मांडणी केली. महास्फोटावर शंका घेणारा धर्मवादीच असतो, असं समजणाऱ्यांसाठी हे नाव पुरेसं आहे. दुसरीकडे १९८१ मध्ये त्याच हॉयलने लिहिलं की भौतिकशास्त्राच्या नियमांशी कुण्या महाबुद्धीने खेळ केल्यासारखं दिसतं. तारकांमध्ये कार्बन तयार होण्यासाठी लागणारी नेमकी ऊर्जापातळी त्याने १९५३ मध्ये आधीच वर्तवली होती. तो नेमकेपणा त्याच्या मनातून गेला नव्हता.

धर्माच्या गोटातही एकवाक्यता नाही. पोपने ज्याचं स्वागत केलं, तोच महास्फोट अमेरिकेतल्या तरुण-पृथ्वीवाद्यांना, म्हणजे पृथ्वी काही हजार वर्षांचीच मानणाऱ्यांना, खुपतो. १९९९ मध्ये कॅन्सस राज्याच्या शिक्षण मंडळाने उत्क्रांतीबरोबर महास्फोटाचे उल्लेखही अभ्यासक्रमाच्या मानकांतून काढले. इकडे ब्रह्मदेवाचा दिवस ४३२ कोटी वर्षांचा म्हणून पुराणांना विज्ञान ठरवणारे आहेत. आकडा भव्य आहे खरा, पण आजच्या मोजणीत विश्वाचं वय सुमारे १३८० कोटी वर्षं येतं, आणि तो आकडा पुराणांतून नव्हे तर प्रारणाच्या मापनातून निघाला आहे.

अलीकडच्या चर्चेत गझालीचा तर्क परतला आहे. विल्यम क्रेग या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने १९७९ मध्ये तो नव्याने मांडला: जे सुरू होतं त्याला कारण असतं, विश्व सुरू झालं, म्हणून त्याला कारण आहे. त्याच्या आधाराला २००३ चं एक प्रमेय दिलं जातं. बोर्ड, गूथ आणि विलेंकिन यांनी त्यात दाखवलं की सरासरीने प्रसरण पावत आलेल्या विश्वाचा इतिहास या चौकटीत मागे अमर्याद नेता येत नाही. २०१४ मध्ये न्यू ऑर्लिन्सला शॉन कॅरोल या भौतिकशास्त्रज्ञाशी झालेल्या वादात क्रेगने हेच प्रमेय पुढे केलं. कॅरोलने पडद्यावर खुद्द अ‍ॅलन गूथची छायाचित्रं दाखवली. हातात कागद धरलेला गूथ त्यांत सांगत होता की विश्वाला सुरुवात होती की नाही हे मला माहीत नाही, बहुधा नसावी. त्याच प्रमेयाचा सहलेखक विलेंकिन मात्र सुरुवात होती, या मताकडे झुकतो.