बेचिराख गाव

बेचिराख गाव : ज्याचे नाव, शीव आणि सातबारे महसूल दप्तरात कायम आहेत, पण जिथे एकही कुटुंब राहत नाही असे गाव. विदर्भात त्याला रिठ किंवा उजाड म्हणतात. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रातील सुमारे 43,600 गावांपैकी जवळपास 2,700 गावे निर्जन निघाली.

ग्रामीण भागात जनगणना महसुली गाव मोजते, वस्ती नव्हे. त्यामुळे माणूस नसलेल्या रिठाला स्वतंत्र क्रमांक मिळतो आणि लोकसंख्येच्या रकान्यात शून्य पडते. उलट भरल्या वाडीची किंवा तांड्याची माणसे मूळ गावाच्या आकड्यात जिरून जातात. हे शून्य छपाईची चूक समजून ओळ गाळली, की तालुक्याच्या क्षेत्रफळाचा मेळ बसत नाही. जमीन कसली जातच असते, बहुधा शेजारच्या गावातून.

गाव उठण्यामागे दुष्काळ, पूर, विहिरींचे पाणी आटणे, धरण अशी कारणे असतात. प्लेगचे नाव सर्रास घेतले जाते. मात्र 1896 नंतरच्या साथीत लोक माळावर झोपड्या घालून राहत आणि साथ ओसरल्यावर बहुतेक परतत. त्यामुळे दुसरा पुरावा नसेल तर हे कारण जपूनच मानावे. गावठाण हलले म्हणजे गाव बेचिराख झाले असेही नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर किल्लारी नव्या जागी वसले, पण नोंद त्याच नावाने पुढे चालली.

शिवारात रिठाची जागा मातीवरून कळते. भोवती काळे रान आणि मधे पांढरीचा उंचवटा: पडक्या भिंती, राख, शेण यांनी भुरकट झालेली माती, तीत खापरे, जात्याची तळी, जवळ बुजलेली विहीर आणि बहुधा मारुती. ही पांढरी माती धाब्याच्या छतासाठी आणि शेतात टाकायला गाड्या भरून नेली जाते, त्यामुळे पुष्कळ उंचवटे आज जेमतेम हातभर उरले आहेत.

एखाद्या लहान गावाची जुनी-नवी लोकसंख्या ताडताना आधी क्षेत्रफळ पाहावे. ते बदलले असेल तर गावाची फोड झाली आहे किंवा काही भाग नगरपालिकेत गेला आहे. मग आकड्यांची तुलना फोल. दुसरी मेख महिन्याची. 2011 ची गणना 9 ते 28 फेब्रुवारीला, म्हणजे ऐन ऊसतोडीच्या हंगामात झाली. त्या सबंध काळात कारखान्याच्या फडावर असलेली माणसे नियमाप्रमाणे तिथेच मोजायची असतात. बीडकडच्या ऊसतोड्यांच्या गावांचे आकडे हे ध्यानात ठेवूनच वाचावेत.