ब्लाइंडचा ‘बचाव’ आणि दुपटीचा रेझ: पार्श्वभूमी

पोकरच्या कमी बाय-इनच्या (प्रवेश रकमेच्या) टूर्नामेंटमध्ये शेवटची दोन-तीन टेबलं उरली की एक प्रसंग हमखास घडतो. ब्लाइंड, म्हणजे दोन खेळाडूंनी पत्ते बघण्याआधी सक्तीने लावायची रक्कम, १,०००-२,०००; लहान रक्कम भरणारा स्मॉल ब्लाइंड, मोठी भरणारा बिग ब्लाइंड. शिवाय बिग ब्लाइंडने भरायची अँटी (आणखी एक सक्तीची रक्कम) २,०००. सगळे फोल्ड करत (पत्ते टाकत) येतात, बटनवाला, म्हणजे ब्लाइंडच्या अगदी आधी बोलणारा, रेझ करतो (रक्कम वाढवतो), ४,००० करतो, स्मॉल ब्लाइंड पत्ते टाकतो. बिग ब्लाइंडकडे बदामाची नव्वी-छक्की आणि मागे ३६,००० चिप्स. पॉटमध्ये (मधल्या ढिगात) ९,००० पडलेत, कॉलला (बरोबरी करून हातात राहायला) २,००० लागतात. तो घड्याळ संपत येईपर्यंत थांबतो आणि फोल्ड करतो. पुढच्या फेरीत मात्र टेबलावरच्या सगळ्यात सावध खेळाडूने पहिल्या जागेवरून केलेल्या तेवढ्याच रेझला तो वेगवेगळ्या रंगांच्या सत्ती-दुर्रीवर कॉल करतो. दर वेळी कुणी आपला ब्लाइंड उचलून न्यावा हे त्याला खपत नाही. पहिली चूक एका काळाची शिकवण आहे, दुसरी दुसऱ्या काळाची. दोन्ही एकाच डोक्यात नांदतात.

गोंधळाचं मूळ बरंचसं ‘बचाव’ या शब्दात आहे. लिमिट होल्डेम या पोकरच्या प्रकाराच्या काळापासून तो रुळला. तिथे पहिला रेझ ठरलेला, बिग ब्लाइंडच्या दुप्पट. अँटी नसे. म्हणजे पॉटमध्ये साडेतीन ब्लाइंड असताना कॉलला एक लागे. इतक्या स्वस्तात बरेच हात खेळणं परवडायचं, आणि मागच्या जागांवरून होणाऱ्या रेझला ‘चोरी’ म्हणत असल्यामुळे त्याला उत्तर देणं ओघानेच ‘बचाव’ ठरलं. पण बचाव आपल्या मालकीच्या वस्तूचा करतात. ब्लाइंड भरला त्या क्षणी त्या चिप्सवर पाणी सोडलेलं असतं; त्या पॉटच्या असतात, आपल्या नसतात. जुनी पुस्तकंही हे बजावत आली, तरी शब्द तोच राहिला. शब्दासोबत मानापमान आला. ‘तो माझा ब्लाइंड तिसऱ्यांदा घेतोय’ या वाक्यात पत्ते, जागा, स्टॅक (जवळच्या चिप्स) यांतलं काहीच नाही, तरी या वाक्यावर किती टूर्नामेंट संपल्या असतील! खरा प्रश्न साधा आहे: २,००० देऊन ११,०००च्या पॉटमध्ये जे पत्ते घेऊन उतरतोय, ते सरासरी २,०००हून जास्त परत आणतील का? याला बचाव म्हणण्याऐवजी सवलतीतली खरेदी म्हटलं असतं, तर निम्मे वाद झालेच नसते.

नो-लिमिट (हव्या तेवढ्या चिप्स लावता येणाऱ्या) टूर्नामेंटची लाट आली ती २००३ नंतर. त्या वर्षी एका हौशी खेळाडूने ऑनलाइन पात्रता फेरीतून जाऊन जगातली सर्वांत मोठी स्पर्धा जिंकली. तेव्हा तिथे ८३९ जण होते, २००६ मध्ये ८,७७३. या नव्या गर्दीच्या हाती जे नियम पडले त्यांत सुरुवातीचा रेझ तिप्पट होता. अँटी सुरू होण्याआधी तिप्पट रेझला कॉल करायचा तर साडेचार ब्लाइंडच्या पॉटसाठी दोन द्यावे लागत. जवळपास ३१ टक्के वाटा (पॉट जिंकण्याची सरासरी शक्यता) हवा. वर फ्लॉपनंतर (टेबलावर पहिले तीन सामाईक पत्ते उघडल्यावर) आधी बोलायची पाळी बिग ब्लाइंडचीच. त्यामुळे ‘रेझ करायला चालतात त्याहून चांगले पत्ते कॉलला हवेत’ हा सल्ला तेव्हा अगदी रास्त होता. तो डोक्यात इतका घट्ट बसला की पुढे किंमत बदलली तरी हलला नाही.

किंमत बदलली ती साधारण २००७ ते २०१२ या काळात, आणि ती ऑनलाइन खेळणाऱ्यांनी बदलली. (या काळाबद्दल थोडं जास्त लिहितोय, पण आजच्या टेबलावरचं बरंच काही तिथेच घडलं.) पंधरा-वीस ब्लाइंडचा स्टॅक असलेल्यांनी तिप्पट रेझवर थेट ऑल-इन (जवळच्या सगळ्या चिप्स) टाकायचा सपाटा लावला. रेझ करणारा फोल्ड करी, तेव्हा तीन ब्लाइंड घालवून बसे. मग त्याने रेझ अडीचपटीवर आणला, पुढे सव्वादोनपटीवर, शेवटी जेमतेम दुपटीवर. काम तेच, जोखीम कमी. समोरच्या बाजूला ‘ऑल-इन किंवा फोल्ड’चे तक्ते पसरले होते. ते ज्यांनी पाठ केले त्यांना कॉल हा दुबळेपणा वाटू लागला. बारा ब्लाइंडवर कॉल करून फ्लॉपला फोल्ड करणाऱ्याची तर टवाळी व्हायची. ग्यानबाची मेख अशी की रेझ दुपटीवर आल्यामुळे किंमत पुन्हा जुन्या लिमिटच्या खेळाइतकी उतरली होती, अँटी धरली तर त्याहूनही खाली. वरच्या उदाहरणात ११,०००मधले २,००० म्हणजे १८ टक्के. शिवाय टूर्नामेंटमध्ये आयोजकाचा वाटा प्रवेश शुल्कातच जातो. कॅश गेमसारखी प्रत्येक पॉटमधून कपात होत नाही. म्हणजे कॉल आणखी स्वस्त.

२०१५ च्या आसपास फ्लॉपनंतरचा खेळ सोडवणारे सॉल्व्हर (सर्वोत्तम खेळी शोधणारी सॉफ्टवेअर) सामान्य खेळाडूच्या संगणकावर आले आणि उलटी लाट सुरू झाली. बटनच्या दुपटीच्या रेझला बिग ब्लाइंडने निम्म्याहून कितीतरी जास्त हात खेळावेत, असं तक्ते सांगू लागले. कमी बाय-इनच्या टेबलांवर यातला आकडा पोहोचला, अटी मागेच राहिल्या. पहिली अट अशी की पत्त्यांचा कागदावरचा वाटा आणि हाती लागणारा वाटा वेगळे असतात. सत्ती-दुर्रीचा वाटा ३० टक्के धरला, तरी १८ टक्क्यांच्या किमतीला ती परवडायची तर त्यातला ६० टक्के हिस्सा प्रत्यक्ष पदरात पडायला हवा. फ्लॉप चुकला की समोरच्याच्या पहिल्या बेटला (लावलेल्या रकमेला) पत्ते टाकणाऱ्याच्या पदरात तेवढा पडत नाही. दुसरी अट समोरच्याची. तक्त्यातला बटनवाला भरपूर हलके पत्ते घेऊन रेझ करतो. कमी बाय-इनला अनेकांचा छोटा रेझ फक्त सॉफ्टवेअरमध्ये रेझचं बटण ज्या किमान रकमेपासून सुरू होतं तिथला असतो, आणि पहिल्या जागेवरून तो एक्क्यांच्या जोडीवरही येतो.

बटनवाला ५,००० मिळवायला ४,००० लावतो, तेव्हा दोन्ही ब्लाइंड मिळून ४४ टक्क्यांहून जास्त वेळा पळाले तर त्याला पत्ते न बघताही फायदा. यावरून ‘मग इतके हात खेळलेच पाहिजेत’ असं कर्तव्य काढलं गेलं. पण बिग ब्लाइंडने किती हात खेळायचे हे त्याला मिळालेल्या किमतीवर ठरतं, बटनवाल्याच्या नफ्यावर पहारा ठेवून नाही. स्मॉल ब्लाइंडचं तर गणितच निराळं: त्याला त्याच पॉटसाठी ३,००० मोजावे लागतात, मागे एक जण बाकी असतो, आणि फ्लॉपनंतर सगळ्यांआधी बोलावं लागतं.

बक्षिसांचा हिशेब त्या मानाने जुना आहे. १९७१ पासून जगातली ती सर्वांत मोठी स्पर्धा पहिल्याला सगळं या पद्धतीने खेळली जाई. १९७८ मध्ये बक्षीस वाटून द्यायला सुरुवात झाली आणि बबल (बक्षिसं सुरू होण्याच्या जरा आधीचा टप्पा) जन्माला आला. चिप्सचं बक्षिसात रूपांतर करणारं आजचं सूत्र १९७३ मध्ये घोड्यांच्या शर्यतीसाठी मांडलेल्या गणितातून आलं. चार जण, सारखे स्टॅक, बक्षिसं ५०, ३० आणि २० टक्के. प्रत्येकाची किंमत २५. एकाने दुसऱ्याला बाद करून चिप्स दुप्पट केल्या तर त्याची किंमत ५० होत नाही, ३८.३ होते. म्हणजे तिथे ऑल-इनला कॉल करायला ६५ टक्के खात्री हवी. ब्लाइंडमधून दुपटीचा रेझ कॉल करताना इतकी कडक अट नसते, पण टर्नवर (चौथा सामाईक पत्ता उघडल्यावर) मोठा बेट आला की हीच अट दारात उभी राहते.

अँटी एकट्या बिग ब्लाइंडने भरायची पद्धत २०१८ च्या सुमारास रूढ झाली. नऊ जणांच्या टेबलावर एकूण रकमेत फारसा फरक पडला नाही, पण एकाच हातात ४,००० पुढे सरकवलेले दिसले की ते ‘आपले’ वाटायला लागतात. अगदी शॉर्ट स्टॅकच्या चिप्समधून आधी अँटी कापायची की आधी ब्लाइंड, यावर तेव्हा बराच खल झाला, आणि दोन्ही पद्धती वापरून झाल्या. शेवटच्या २,००० चिप्स आधी अँटीत गेल्या तर त्या खेळाडूला बाकीच्यांच्या बेटमधलं काहीच जिंकता येत नाही. त्याच्यापुरता बचावाचा प्रश्न पत्ते वाटण्याआधीच मिटलेला असतो.