पंखा एकवर ठेवला तर वीज वाचते का?

उन्हाळा सुरू झाला की फोनवर एक जाहिरात हटकून दिसायला लागते. सॉकेटमध्ये खोचायची पांढरी डबी, तिच्यावर हिरवा दिवा आणि ‘वीजबिल ४० टक्के कमी’ असा दावा. त्याच सुमारास घरोघरी एक जुना वादही निघतो. पंखा पाचवरून दोनवर आणला तर वीज वाचते का? कुणी म्हणतं वाचते, कुणी म्हणतं रेग्युलेटर फक्त वेग कमी करतो, वीज तेवढीच जाते. या दोन्हींचा निकाल लावायला आपल्या दारातलं मीटर पुरेसं आहे.

इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि जवळच ३२०० किंवा १६०० असा आकडा छापलेला असतो. ३२०० असेल तर एक युनिट वीज जाईपर्यंत तो दिवा ३२०० वेळा लुकलुकतो. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. म्हणजे दिवा एकदा लुकलुकला की ११२५ ज्यूल वापरले गेले. आता घरातलं सगळं बंद करा, फ्रिज आणि वायफायचा राउटरसुद्धा, आणि फक्त एक पंखा पूर्ण वेगात सोडा. दिवा एकदा लुकलुकल्यापासून पुन्हा लुकलुकेपर्यंतचे सेकंद मोजा आणि ११२५ला त्या आकड्याने भागा. आलं ते उत्तर म्हणजे पंख्याचे वॅट, कारण सेकंदाला एक ज्यूल म्हणजे एक वॅट. पंधरा सेकंद लागले तर पंखा ७५ वॅटचा. दहा लुकलुकींचा वेळ घेऊन सरासरी काढली तर उत्तर आणखी नेमकं येतं. मीटरवर १६०० असेल तर ११२५ऐवजी २२५० घ्या.

असंच मोजताना ती पांढरी डबी लावून पाहा. लुकलुकण्याचा वेग कमी होत नाही. डबीत एक कपॅसिटर (वीज क्षणभर साठवून परत देणारा भाग) असतो आणि तो पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या विजेपैकी खरोखर कामी येणारा वाटा, सुधारतो, हे खरं आहे. मोटारीसारखी उपकरणं चुंबकीय क्षेत्र उभं करायला थोडी वीज घेतात आणि लगेच परत करतात. या ये-जा करणाऱ्या विजेमुळे तारांमधला प्रवाह वाढतो. मोठ्या उद्योगांच्या बिलात तिचा हिशेब असतो, म्हणून त्यांना कपॅसिटर बसवून फायदा होतो. घरगुती मीटर मात्र खरोखर खर्च झालेली वीजच मोजतं. जे मोजलंच जात नाही ते कमी करून बिल कमी होणार नाही. ग्रहशांतीसाठी अंगठी विकणारे आणि ही डबी विकणारे यांच्यात मला फरक दिसत नाही. दोघंही माणसाच्या काळजीवर धंदा करतात, आणि बिलाची काळजी ज्यांना सर्वांत जास्त असते तेच यात फसतात.

आता पंखा. आपल्याकडे दिवा चालू राहिला तर घरातली मोठी माणसं लगेच ओरडतात, पंख्याकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. एलईडी बल्ब ९ वॅटचा आणि जुना पंखा ७५ वॅटचा. एक पंखा म्हणजे आठ बल्ब, आणि तो दिवसाचे पंधरा-पंधरा तास फिरतो. त्या ७५ वॅटपैकी निम्म्याहून जास्त वीज हवेपर्यंत पोचतच नाही; मोटारीतच तिची उष्णता होते. ती उष्णता जाते कुठे? आपल्याच खोलीत. असं का होतं हे समजून घेण्यासारखं आहे.

छताच्या पंख्याची मोटार नेहमीच्या मोटारीच्या उलट असते. तांब्याच्या गुंडाळ्यांचा भाग मधे, दांड्याला घट्ट बसवलेला. त्याच्याभोवती फिरते ती बाहेरची वाटी, आणि पाती तिलाच लावलेली. या वाटीत कायमचा चुंबक नसतो. असते ती लोखंडी पत्र्यांच्या कड्यात बसवलेली अॅल्युमिनिअमच्या पट्ट्यांची एक बंद जाळी. मधल्या भागात दोन गुंडाळ्या असतात. एकीला थेट वीज मिळते, दुसरीला साधारण अडीच मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून, म्हणून दुसरीतला प्रवाह वेळेच्या हिशेबात पुढे असतो. दोन्ही मिळून जे चुंबकीय क्षेत्र तयार होतं ते एका जागी उभं राहत नाही, गोल फिरतं. मोटारीला १६ ध्रुव (चुंबकाची टोकं) असतील तर सेकंदाला ५० आवर्तनं घेणाऱ्या, म्हणजे ५० हर्ट्‌झच्या विजेवर हे क्षेत्र मिनिटाला ३७५ फेरे घेतं. १८३१ साली फॅरडेने दाखवलेल्या नियमानुसार, बदलत्या चुंबकीय क्षेत्रातल्या धातूच्या बंद वेटोळ्यात प्रवाह सुरू होतो. तसा तो अॅल्युमिनिअमच्या जाळीत सुरू होतो, जाळी स्वतःच चुंबक बनते आणि फिरत्या क्षेत्रामागे ओढली जाते. ना ब्रश, ना घासणारे संपर्क. अशा मोटारीचे निकोला टेस्लाचे पेटंट १८८८चे, आणि पिठाच्या गिरणीपासून विहिरीवरच्या पंपापर्यंत आजही हीच मोटार चालते. एवढी साधी आणि चिवट रचना क्वचितच सापडेल.

पण तिची एक अट आहे. जाळीने फिरत्या क्षेत्राची बरोबरी कधीच करायची नाही. समजा वाटीही मिनिटाला ३७५ फेरे घेऊ लागली, तर जाळीच्या दृष्टीने क्षेत्र स्थिर झालं. बदल नाही म्हणून प्रवाह नाही, प्रवाह नाही म्हणून ओढ नाही. त्यामुळे वाटी कायम थोडी मागे राहते, समजा ३३० फेऱ्यांवर. या मागे राहण्याला स्लिप म्हणतात. इथे स्लिप १२ टक्के झाली. आणि स्लिप जितके टक्के, वाटीकडे आलेल्या शक्तीचे तितकेच टक्के अॅल्युमिनिअम तापवण्यात जातात. हे कारागिरीतल्या खोटीमुळे होत नाही, तत्त्वातच आहे. गुंडाळ्यांत जाणारी वीज वेगळी. वाटीत कायमचे चुंबक नसल्याने सगळं क्षेत्र गुंडाळ्यांनाच उभं करावं लागतं, सोळा ध्रुवांच्या संथ मोटारीत त्यासाठी भरपूर प्रवाह लागतो, आणि तो बारीक तारेतून जाताना तार तापते. या दोन्ही वाटांनी मिळून वीज निसटते.

आता रेग्युलेटर फिरवू. साधा रेग्युलेटर मोटारीचा व्होल्टेज कमी करतो. फिरत्या क्षेत्राचा वेग मात्र ५० हर्ट्‌झने ठरलेला, तो ३७५च राहतो. क्षेत्र दुबळं झाल्यामुळे वाटी आणखी मागे पडते, एवढंच. ती १२५ फेऱ्यांवर आली तर स्लिप दोन-तृतीयांश, म्हणजे वाटीकडे आलेल्या शक्तीपैकी दोन-तृतीयांश उष्णता. एकूण वीज कमी लागते, कारण वेग निम्मा केला तर हवा ढकलायला लागणारी शक्ती एक-अष्टमांशावर येते. पण हा आठपटीचा फायदा मीटरपर्यंत पोचेतो त्यातला बराचसा वाटेतच संपलेला असतो.

त्यामुळे वादातल्या दोन्ही बाजूंचं थोडं थोडं बरोबर आहे. बोर्डावरचा जुना चौकोनी, हात लावला की कोमट लागणारा रेग्युलेटर असेल, तर मोटारीची वाचलेली वीज तो स्वतःच्या रोधात जाळतो. बचत होते, पण फार थोडी. हल्लीच्या लहान, टप्प्याटप्प्याने फिरणाऱ्या रेग्युलेटरमध्ये कपॅसिटर असतात, ते तापत नाहीत; तिथे बचत खरी आणि डोळ्यांत भरणारी. दोनवर ठेवून लुकलुक मोजा, तुमच्या घरचं उत्तर मिळेल.

दुकानात ज्याला ‘रिमोटवाला’ किंवा बीएलडीसी (ब्रशलेस डीसी) पंखा म्हणतात, त्यात मागे राहण्याची ही अटच काढून टाकली आहे. वाटीत अॅल्युमिनिअमच्या जाळीऐवजी कायमचे चुंबक असतात. घरातली एसी (दिशा बदलत राहणारी) वीज आधी डीसी (एकाच दिशेने वाहणारी) केली जाते, मग वाटी कुठवर आली हे ओळखून इलेक्ट्रॉनिक सर्किट एकामागून एक गुंडाळी चालू-बंद करतं. क्षेत्राचा वेग आता ५० हर्ट्‌झला बांधलेला नाही. वाटी आणि क्षेत्र बरोबरीने फिरतात. स्लिप शून्य. वाऱ्यात फरक न पडता ७५ वॅटचे ३०च्या आसपास येतात, लुकलुकण्यातलं अंतर पंधरा सेकंदांवरून साडेसदतीसवर जातं, आणि सर्वांत कमी वेगावर तर वॅट एक आकडी होतात.

घेताना बीएलडीसी या अक्षरांपेक्षा स्टार लेबल पाहावं. २०२३पासून छताच्या पंख्यांना ते सक्तीचं आहे. त्यावर सर्व्हिस व्हॅल्यू असते, म्हणजे मिनिटाला किती घनमीटर हवा भागिले वॅट. २०२३च्या निकषांनुसार १२०० मिलिमीटरच्या पंख्याला पाच स्टार मिळायला ती किमान ६ लागते. नुसते कमी वॅट दाखवून वारा न देणारा पंखा इथे पकडला जातो.

पैशांचं गणित असं. दिवसाला १५ तास चालणाऱ्या पंख्यामागे ४५ वॅट वाचले तर महिन्याला २० युनिट वाचतात. ही बचत बिलाच्या वरच्या टोकाकडून होते, हे महत्त्वाचं. महावितरणच्या २०२५-२६च्या घरगुती दरांत १०१ ते ३०० युनिटांच्या टप्प्याचा वीज आकार पहिल्या १०० युनिटांच्या दुपटीहून जास्त होता, आणि त्यावर वहन आकार (वीज घरापर्यंत पोचवण्याचे पैसे) आणि १६ टक्के वीज शुल्क. त्या टप्प्यात युनिट साधारण बारा रुपयांना पडतं असं धरलं तर एका पंख्यामागे महिन्याला सुमारे २४० रुपये. तीन हजारांचा पंखा वर्ष-सव्वा वर्षात वसूल. पण पाहुण्यांच्या खोलीतला, दिवसाला चार तास फिरणारा पंखा बदलला तर तेच पैसे निघायला चार वर्षं लागतील. तो राहू द्या. आणि पंखा नुसता हळू झाला असेल तर आधी वायरमनकडून कपॅसिटर बदलून घ्या. तो झिजतो, बदलायला फारसा खर्च नाही, आणि दुकानदार तेवढ्यावर नवा पंखा गळ्यात मारतात.

जिथे इन्व्हर्टर आहे तिथे पहिला पंखा बदलायचा तो इन्व्हर्टरच्या लाइनवरचा. तीच बॅटरी त्या पंख्याला दुपटीहून जास्त वेळ पुरते. लाइट गेलेल्या रात्री घरात लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर याचं मोल पैशांत करता येत नाही. फक्त नवा पंखा बसवताना बोर्डावरचा रेग्युलेटर काढून जोडणी थेट करायला सांगा. बरेच वायरमन तो तसाच ठेवतात. मग कमी व्होल्टेजवर पंख्याचं सर्किट गोंधळतं, पंखा अडखळतो किंवा बंद पडतो, आणि ‘हे बीएलडीसी टिकत नाहीत’ अशी बोलवा होते.