एकट्या बटू दीर्घिकांतला ऑक्सिजन: एका फिकट रेषेची पार्श्वभूमी

आय झ्विकी 18 या बटू, म्हणजे लहानशा, दीर्घिकेच्या वायूत जड मूलद्रव्ये (हायड्रोजन-हेलियम सोडून बाकी सारी, ऑक्सिजनही त्यांतलाच) अगदीच कमी आहेत, हे 1972 मध्ये ठळकपणे पुढे आले. तिथे हायड्रोजनच्या दहा लाख अणूंमागे ऑक्सिजनचे जेमतेम 15 अणू आहेत, तर सूर्यात सुमारे 490. (सूर्याचा हा आकडाच 1989 ते 2009 दरम्यान बराच खाली आला. जुन्या लेखांतली ‘सूर्याच्या इतके टक्के’ ही भाषा जपूनच वाचावी.) एकट्या दीर्घिकांचा वायू मोठ्या शेजाऱ्याने ओरबाडलेला नसतो, म्हणून त्यांचे मोजमाप मोलाचे.

वाद आहे तो मोजायचे कसे याचा. वायूच्या वर्णपटातल्या ऑक्सिजनच्या रेषांची तीव्रता अणूंच्या संख्येइतकीच तापमानावरही ठरते. ते तापमान 4363 अँगस्ट्रॉम तरंगलांबीच्या ऑक्सिजनच्या रेषेवरून काढता येते (हीच थेट पद्धत), पण ही रेषा फारच फिकट. शिवाय जड मूलद्रव्ये वायू थंड करतात, त्यामुळे ती जिथे जास्त, तिथे ही रेषा दिसेनाशीच होते. म्हणून 1979 मध्ये फक्त ठळक रेषांच्या गुणोत्तराची आडवाट निघाली. अडचण अशी, की एकाच गुणोत्तराला ऑक्सिजनची दोन उत्तरे निघतात, एक कमी आणि एक जास्त. त्यात गुणोत्तरावरून ऑक्सिजन काढायची श्रेणी, म्हणजे मोजपट्टी, कोणी सैद्धांतिक प्रारूपांवरून बांधली, कोणी प्रत्यक्ष तापमानांवरून. या श्रेण्यांत पाचपटीपर्यंत तफावत पडते. बटू दीर्घिकांचा वायू तापलेला असतो, म्हणजे फिकट रेषा सापडण्याची शक्यता तिथेच सर्वाधिक. तरीही मोठ्या सर्वेक्षणांत त्यांनाही आडवाटेचेच आकडे चिकटले. थेट पद्धतही निर्दोष नाही: तेजोमेघात, म्हणजे ताऱ्यांनी तापवलेल्या चमकत्या वायूच्या ढगात, तापमान जागोजागी वेगळे असेल, तर ऑक्सिजन कमी भरतो.

डब्ल्यूएलएम या सुमारे 30 लाख प्रकाशवर्षे दूरच्या दीर्घिकेत तर 2003 मध्ये एका महाराक्षसी ताऱ्यात तेजोमेघांच्या पाचपट ऑक्सिजन निघाला. तारा वायूतूनच जन्मतो, मग हे कसे? 2006 मध्ये तिथले आणखी तप्त तारे तपासले, तेव्हा त्यांचे आकडे वायूशी जुळले.

वायू उरलेलाच नसेल, तर लाल राक्षसी ताऱ्यांतल्या कॅल्शियमच्या तीन रेषांचा आधार घेतात. त्यावरून लोह कळते, ऑक्सिजन नव्हे. 2013 मध्ये रेडिओ सर्वेक्षणातून सापडलेल्या लिओ पीमध्ये मात्र एकच तेजोमेघ होता आणि त्यातून थेट पद्धतीने आय झ्विकी 18 इतकाच ऑक्सिजन निघाला. 2022 पासून जेम्स वेब अवकाश दुर्बिणीला हीच 4363ची फिकट रेषा अतिदूरच्या, बाल्यावस्थेतल्या दीर्घिकांतही दिसते आहे आणि कोणती श्रेणी वापरायची हा वाद आता तिथे चालू आहे.