टीडीएस कमी म्हणजे शिसं नाही? असं नसतं!

सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरतंय की टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं एकूण प्रमाण) कमी आला म्हणजे पाण्यात शिसं, पारा काही नाही. साफ चूक, आणि लहान मुलं असलेल्या घरात धोक्याचं पण. टीडीएस मीटर फक्त पाण्यातून करंट किती जातो ते बघतो आणि त्यावरून सगळ्या क्षारांचा एकत्र अंदाज देतो, त्यात कॅल्शियम कुठलं नि शिसं कुठलं त्याला कळतच नाही. पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, आणि घरगुती मीटर साधारण १ च्या खाली दाखवतच नाही, म्हणजे शंभरपट फरक! त्यात भातसा-वैतरणा धरणांचं पाणी मुळातच कमी क्षारांचं, त्यामुळे मुंबईत आकडा छानच दिसतो, जुन्या पायपातून काय उतरलं ते वेगळंच.

धातू चमकेवरून ओळखणारे फ्लुरोसंट सेन्सर वेगळे. त्यातला रेणू ठराविक धातूचा आयन (विद्युतभारित कण) धरण्यासाठीच बनवलेला असतो, आयन चिकटला की यूव्ही प्रकाशात त्याची चमक वाढते, विझते किंवा रंग बदलते. पण तेही सर्वज्ञ नाहीत हां, तांबं आणि पारा दोन्ही बऱ्याचदा चमक विझवतात, त्यामुळे गल्लत होऊ शकते. शंका असेल तर रात्रभर नळात साचलेलं सकाळचं पहिलं पाणी लॅबला द्या, आणि रिपोर्टमध्ये शिसं वेगळं मोजून मागा.