डीबीएच्या कामांची यादी कुठून आली

पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही आयटी कंपनीची ‘डेटाबेस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर पाहिजे’ (म्हणजे डीबीए, कंपनीचा डेटाबेस सांभाळणारा माणूस) अशी जाहिरात उघडून बघा. बॅकअप आणि रिकव्हरी, परवानग्या देणं-काढणं, परफॉर्मन्स ट्यूनिंग, पॅचिंग, आणि अगदी तळाशी, जाता जाता आठवल्यासारखं, ‘रोटेशनल शिफ्टची तयारी हवी’. नवख्या उमेदवाराला वाटतं, हे एकाच पुस्तकातले ओळीने येणारे धडे असावेत. पण जुन्या वाड्याला गरज पडेल तशा पडव्या काढत जावं, तशी ही यादी साठेक वर्षं वाढत गेली आहे. जवळजवळ प्रत्येक ओळीमागे कोणाची तरी, कधी तरी झालेली पंचाईत आहे.

मोठ्या कंपन्यांत संगणक आले तेव्हा सगळ्यांचा डेटा एका जागी ठेवणारी डेटाबेस नावाची वस्तूच नव्हती. पगाराच्या प्रोग्रामची फाइल वेगळी, गोदामातल्या मालाची वेगळी, बिलांची वेगळी. कुठला मजकूर कितव्या रकान्यात आहे हे त्या त्या प्रोग्रामच्या पोटात लिहिलेलं असे. गिऱ्हाइकाच्या पत्त्याला दहा अक्षरं वाढवून द्यायची म्हटलं, की ती फाइल वाचणारा प्रत्येक प्रोग्राम दुरुस्त करायचा.

त्या व्यवस्थेत एक गोष्ट मात्र फुकट मिळत होती. डेटा टेपवर असे, आणि टेपवरची मधलीच नोंद खोडून तिथे नवी लिहायची सोय नसे. म्हणून कालची टेप एका यंत्रावर चढवायची, आजचे व्यवहार दुसऱ्यावर, आणि दोन्ही वाचत वाचत तिसऱ्या कोऱ्या टेपवर नवा हिशेब उतरवायचा. कालची टेप जशीच्या तशी शिल्लक राहायची. अशा तीन पिढ्या जपून ठेवत आणि त्यांना मुलगा, बाप, आजोबा असंच म्हणत. बॅकअप घ्यावा लागत नसे, तो उरतच असे.

डिस्क आली आणि हे सुख गेलं. आयबीएमची रामॅक १९५६ ची, पन्नास तबकड्या आणि सगळी मिळून जेमतेम पाच एमबी. डिस्कवर जागच्या जागी लिहिता येतं. खात्यातली नवी शिल्लक लिहिली की जुनी गेली. मग जुनी प्रत कोणी तरी मुद्दाम, वेळ काढून, आठवणीने घ्यायला हवी. जाहिरातीतली पहिली ओळ इथून आली.

डेटा प्रोग्रामच्या तावडीतून सोडवून एका जागी ठेवायचा पहिला मोठा प्रयत्न चार्ल्स बाकमन यांनी जनरल इलेक्ट्रिक कंपनीत १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला केला. त्यांच्या यंत्रणेचं नाव इंटिग्रेटेड डेटा स्टोअर. तिकडे चंद्रावर माणूस पाठवायच्या तयारीत अपोलो यानाच्या लाखो सुट्या भागांची यादी सांभाळणं अशक्य होत चाललं होतं. आयबीएमने रॉकवेल आणि कॅटरपिलर या कंपन्यांबरोबर त्यासाठी आयएमएस ही डेटाबेस यंत्रणा उभी केली. १४ ऑगस्ट १९६८ रोजी कॅलिफोर्नियातल्या डाउनी इथे टर्मिनलवर ‘आयएमएस रेडी’ ही अक्षरं उमटली. ही यंत्रणा काही मोठ्या बँकांत अजून चालते.

सगळ्यांचा डेटा एका घरात आला की पहिलं भांडण तांत्रिक नसतं, भाऊबंदकीचं असतं. विहीर सामाईक, तर मोट कोणी कधी लावायची? पगार विभागाला रकाना वाढवून हवा, बिल विभागाला त्याच्याशी देणंघेणं नाही, आणि दोघांच्या घोळात गोदामाचा प्रोग्राम रात्री बंद पडतो. दोघांपैकी कोणाचाच नसलेला, पण दोघांनाही नाही म्हणू शकणारा तिसरा माणूस लागला. आयएमएसमध्ये प्रत्येक प्रोग्रामसाठी पीएसबी नावाचा एक ब्लॉक बनवावा लागतो. त्या प्रोग्रामला डेटाचा कुठला भाग दिसेल आणि तिथे त्याला नुसतं वाचता येईल, की भर घालता, बदलता, पुसताही येईल, हे त्यात लिहिलेलं असतं. पीएसबीत नाही ते त्या प्रोग्रामच्या लेखी अस्तित्वातच नाही. हा ब्लॉक बनवणं प्रोग्रामरच्या हातात ठेवलं नाही, आणि ज्याच्या हातात दिलं तो डीबीए झाला. आज आपण ‘ग्रँट’ ही कमांड लिहून परवानगी देतो ते याच कामाचं सुटसुटीत रूप.

या नव्या माणसाचं स्थान कागदावर आलं ते १९७० च्या आसपास, समित्यांच्या अहवालांतून. अमेरिकेतल्या अ‍ॅन्सी या मानक संस्थेच्या अभ्यासगटाने १९७५ मध्ये डेटाबेसचे तीन थर मांडले, तेव्हा थरागणिक एक अधिकारी कल्पिला होता: संपूर्ण संस्थेचा डेटा कसा दिसावा हे ठरवणारा एक, डिस्कवर तो कसा ठेवावा हे बघणारा दुसरा, आणि प्रोग्रामांना काय दाखवावं हे सांभाळणारा तिसरा. प्रत्यक्षात कुठल्या कंपनीने तीन पगार दिले असते? तिन्ही कामं एकाच्याच गळ्यात पडली. ‘डीबीएने नेमकं करायचं काय’ हा वाद अजून मिटत नाही, त्याचं मूळ मला तरी इथेच दिसतं.

दरम्यान आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी जून १९७० मध्ये एक शोधनिबंध छापला होता. त्याच्या पहिल्याच वाक्याचा आशय असा, की डेटा यंत्रात कसा रचला आहे हे वापरणाऱ्याला कळायची गरजच पडू नये. बाकमन यांचं म्हणणं नेमकं उलट. १९७३ च्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात त्यांनी प्रोग्रामरला नावाड्याची उपमा दिली: एका नोंदीकडून दुसरीकडे वाट काढत जाणारा. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या अ‍ॅन आर्बर इथल्या परिषदेत दोन्ही पक्ष समोरासमोर आले. बाजारात शेवटी कॉड जिंकले. आयबीएमच्या सॅन होजेतल्या प्रयोगशाळेत डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी एसक्यूएलचा, म्हणजे डेटाबेसकडे डेटा मागायच्या भाषेचा, पहिला अवतार घडवला. काय हवं ते सांगा, कसं आणायचं ते यंत्र बघेल.

पण ‘यंत्र बघेल’ म्हणजे कोणी? त्यासाठी पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑप्टिमायझर बांधला. त्यावरचा त्यांचा १९७९ चा निबंध आजही शिकवला जातो. टेबलात किती ओळी आहेत, कुठल्या रकान्यात किती वेगवेगळी मूल्यं आहेत अशा आकड्यांवरून तो खर्चाचा अंदाज बांधतो आणि सगळ्यात स्वस्त रस्ता निवडतो. घोळ होतो तो या अंदाजात. समजा टेबलात दोनशे ओळी असताना आकडे गोळा केले आणि नंतर त्यात चाळीस लाख ओळी भरल्या. ऑप्टिमायझरच्या मनात अजून दोनशेच. तो बिनदिक्कत छोट्या टेबलाचा रस्ता धरतो आणि काल दोन सेकंदांत येणारा रिपोर्ट आज दुपारपर्यंत येत नाही. कोणी कोडला हात लावलेला नसतो, त्यामुळे सगळे एकमेकांकडे बघतात आणि शेवटी डीबीएकडे. परफॉर्मन्स ट्यूनिंग म्हणतात त्यातला मोठा भाग हाच: यंत्राची समजूत कुठे चुकली हे त्याने निवडलेल्या रस्त्यावरून ओळखणं. कॉड यांनी वापरणाऱ्याला ज्या माहितीपासून मोकळं केलं, ती सगळी एका माणसाच्या डोक्यात जाऊन बसली.

ओरॅकल हा डेटाबेस विकणारी कंपनी लॅरी एलिसन, बॉब मायनर आणि एड ओट्स यांनी १९७७ मध्ये काढली. १९७९ मध्ये बाजारात आलेल्या मालाला त्यांनी थेट ‘आवृत्ती २’ म्हटलं, कारण पहिली आवृत्ती कोण विकत घेणार! गंमत सोडली तर खरं महत्त्वाचं काम व्यवहाराच्या कल्पनेवर चाललं होतं, आणि त्यात संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रे यांचा वाटा मोठा. एका खात्यातून पैसे वजा झाले आणि दुसऱ्यात जमा व्हायच्या आत वीज गेली, तर? उत्तर असं निघालं की काय बदल करणार ते आधी लॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदवहीत, लिहायचं आणि मगच खुद्द डेटाला हात लावायचा. यंत्र पुन्हा उठलं की लॉग वाचून अर्धवट व्यवहार मागे घ्यायचे आणि पुरे झालेले पुन्हा लावायचे.

या लॉगची किंमत मला एका रात्री कळली. मी या धंद्यात नवा, गिऱ्हाईक अमेरिकेतलं, आम्ही पुण्यात. पहाटे अडीचला फोन: ‘सिस्टिम हँग झालीय, कोणाचंच काही सेव्ह होत नाहीये.’ डेटाबेसच्या चुकांची नोंद उघडली तर ओआरए-००२५७ हा चूक-क्रमांक. ओरॅकल बदलांचे भरलेले लॉग (त्यांना रिडू लॉग म्हणतात) एका जागी साठवत जातं, म्हणजे आर्काइव्ह करतं. ती डिस्क शंभर टक्के भरली होती. अशा वेळी डेटाबेस नवे बदल घेणंच थांबवतो. इतिहास गमावण्यापेक्षा काम थांबलेलं त्याला चालतं. माझी बोटं जुन्या फाइली उडवायला निघालीच होती. त्याआधी सीनियरला फोन लावला एवढं बरं केलं.

‘अरे, आधी हात काढ कीबोर्डवरून. शेवटचा बॅकअप कधीचा आहे ते सांग.’

तीन दिवसांपूर्वीचा होता. टेपचं यंत्र अडकलं होतं आणि ‘बॅकअप फेल’चे मेल कोणीच न वाचणाऱ्या एका मेलबॉक्समध्ये जाऊन पडत होते. मी त्या फाइली उडवल्या असत्या, तर त्या तीन दिवसांतलं काहीही परत आणायचा रस्ता बंद झाला असता, आणि ते कळलं असतं पुढे केव्हा तरी डिस्क मेल्यावर. आम्ही दुसऱ्या डिस्कवर जागा दाखवली, पाच मिनिटांत तिकडचं काम सुरू झालं, मग निवांत बॅकअप घेतला आणि त्यानंतरच जुन्या फाइली काढल्या. ओआरए-००२५७ चा अर्थ कुठेही वाचायला मिळतो. हात कधी आवरायचा, हे कौशल्य जाहिरातीत लिहीत नाहीत.

सुरक्षेची ओळ उशिरा आली आणि ठेच लागून आली. कित्येक वर्षं ओरॅकलच्या डेटाबेसमध्ये स्कॉट नावाचा युजर आणि टायगर हा पासवर्ड तयारच मिळत असे. स्कॉट हे कंपनीच्या सुरुवातीच्या एका प्रोग्रामरचं आडनाव, टायगर ही त्यांच्या घरची मांजर. शिकायला सोय, पण चालू सर्व्हरवरही ते कोणी काढत नसे. मग २५ जानेवारी २००३ ला स्लॅमर हा आपोआप पसरणारा संगणकी किडा सुटला आणि मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमधल्या एका भोकातून दहा मिनिटांत जवळपास ७५ हजार यंत्रांत शिरला. ते भोक बुजवणारी दुरुस्ती, म्हणजे पॅच, सहा महिने आधीच, जुलै २००२ मध्ये, आला होता. तेव्हापासून पॅच न लावल्याचा जाब डीबीएला द्यावा लागतो. आणि लावल्यावर काही मोडलं तर त्याचाही.

‘रोटेशनल शिफ्ट’ ही ओळ आपल्या बाजूची. २००० साल उजाडताना संगणकातल्या तारखा चुकतील म्हणून केलेल्या वायटूके दुरुस्त्यांच्या निमित्ताने परदेशी कंपन्यांना इथली माणसं ओळखीची झाली होती. अमेरिकेतली मध्यरात्र म्हणजे इथली टळटळीत सकाळ. तिकडे सर्व्हर बंद करून करायची कामं इकडे नाश्त्यानंतर करता येतात, असा हिशेब होता. तो लवकरच चोवीस तासांचा झाला आणि इथल्या रात्रीही त्यात गेल्या. पुण्यात डेटाबेसचं काम तसं जुनंच, आनंद देशपांडे यांनी अमेरिकेत याच विषयात पीएच.डी. करून १९९० मध्ये पर्सिस्टंट ही सॉफ्टवेअर कंपनी सुरू केली होती. पण हिंजवडीच्या कॅबमध्ये पहाटे डुलक्या घेणारी डीबीएंची पिढी नंतरची.

डीबीएची नोकरी आता संपणार, हे ऐकत माझ्यासारख्यांचे केस पिकले. ऑक्टोबर २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने आरडीएस ही डेटाबेस सेवा आणली. इन्स्टॉल करणं, पॅच लावणं, रोजचा बॅकअप, सगळं भाड्याने. ऑक्टोबर २०१७ मध्ये एलिसन यांनी स्वतःचं स्वतः सांभाळणारा ‘ऑटोनॉमस’ डेटाबेस जाहीर केला. डिस्क मोजत बसणं, मध्यरात्री फाइल वाढवणं ही हमाली यातून खरोखर गेली आणि ती गेल्याचं मला जराही दुःख नाही.

पण त्याच २०१७ सालच्या ३१ जानेवारीला प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅब कंपनीत काय झालं तेही बघायला हवं. रात्री उशिरा एका इंजिनिअरला दुय्यम सर्व्हरवरची डेटाची फोल्डर रिकामी करायची होती. ती कमांड मुख्य सर्व्हरवर चालली. चूक लक्षात येऊन थांबवेपर्यंत तीनशे जीबीपैकी साडेचार उरले होते. रोजचा बॅकअप बघितला तर तो रिकामा. बॅकअपचं साधन जुन्या आवृत्तीचं असल्यामुळे ते रोज अपयशी होत होतं, आणि तसं सांगणारे मेल नाकारले जात होते. सहा तास आधी चाचणीसाठी हाताने घेतलेली एक प्रत होती म्हणून बाकीचं वाचलं. कंपनीने दुरुस्ती यूट्यूबवर थेट दाखवली आणि सगळा तपशील छापला, हे त्यांचं मोठेपण. मला मात्र तो न पोचलेला मेल वाचताना आमचं टेपचं यंत्र आठवलं.

यादीत सगळ्यात नवी भर कायद्याची आहे. युरोपचा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा, जीडीपीआर, मे २०१८ पासून लागू झाला, आपला वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ चा. ठरावीक परिस्थितीत माणूस म्हणू शकतो, माझी माहिती पुसून टाका. साठ वर्षं ज्याला ‘काहीही हरवता कामा नये’ म्हणून पगार मिळाला, त्यालाच आता अमुक गोष्ट नक्की हरवली याची खात्री द्यायची आहे. चालू टेबलातून पुसणं सोपं. पण मागच्या महिन्याच्या बॅकअपमध्ये तो माणूस आहेच, आणि उद्या तो बॅकअप लावावा लागला तर तो परत जिवंत होणार. म्हणून रिस्टोअर केल्यावर, डेटाबेस लोकांसाठी उघडायच्या आत, मधल्या काळात पुसलेल्यांना पुन्हा पुसायचं. त्यासाठी विसरायच्या माणसांची एक यादी नीट लक्षात ठेवावी लागते. ती ठेवायची कुठे आणि तिचा बॅकअप घ्यायचा का, यावर आमच्याकडे सध्या दर सोमवारी वाद होतो.